आपल्या देवी एकाच आदिमातेच्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फार पूर्वी जगभर एकाच मातृदेवतेची पूजा चालायची, तेव्हा बायकांचं राज्य होतं, मग पुरुषदेव आले आणि देवी मागे पडली, असं एका व्याख्यानात ऐकलं, हे कितपत खरं? तुळजापूर, कोल्हापूर, माहूरच्या देवी त्याच आदिमातेच्या का? आणि आपल्या कुलदेवीचा माग काढायचा तर सुरुवात कुठून करायची?

गावोगावची ठाणी, तांदळे (देवी म्हणून पुजायचे शेंदऱ्या दगड), फुटक्या मूर्ती यांच्या नोंदी करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, तेव्हा त्याच अंगाने उत्तर देतो. ती गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला जमिनीतून पुरावा मिळत नाही. जमिनीतून जे निघतं ते वेगळं आहे, आणि मला तरी ते जास्त रंगतदार वाटतं.

मातृसत्ताक युगाची कल्पना फार जुनी नाही. योहान बाखोफेन नावाच्या स्विस कायदेपंडिताने ती 1861 मध्ये मांडली, तीही ग्रीक-रोमन पुराणकथांच्या आधारे. त्याच्यासमोर उत्खनन नव्हतं. पुढे 1908 मध्ये ऑस्ट्रियात विलेनडॉर्फची वीतभरही न भरणारी चुनखडीची स्थूल स्त्री-मूर्ती सापडली, मग युरोपभर तशा आणखी सापडत गेल्या, आणि आधीच तयार असलेल्या कल्पनेला चित्रं मिळाली. तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक इथे 1961 मध्ये धान्याच्या कणगीत एक बैठी बाई निघाली, दोन्ही बाजूंना मार्जारकुळातले प्राणी, त्यांच्या डोक्यांवर तिचे हात. आपल्याकडच्या वाचकाला ती लगेच सिंहवाहिनी वाटते. पण त्या मूर्तीचं डोकं सापडलेलं नाही. आज दिसतं ते नंतर घडवून बसवलेलं आहे. 1993 पासून तिथे पुन्हा काम झालं, तेव्हा लहान मूर्तींत प्राण्यांचीच संख्या मोठी निघाली. हाडांवरून आहार तपासला, तर बाया आणि पुरुष साधारण सारखंच खात होते, सारख्याच मानाने पुरले जात होते. म्हणजे बऱ्यापैकी बरोबरी होती असं म्हणता येतं. बायकांचं राज्य होतं असं म्हणता येत नाही.

सिंधू संस्कृतीचंही तेच. मोहेंजोदारो आणि हडप्पात पंख्यासारखं शिरोभूषण ल्यालेल्या मातीच्या बाया भरपूर सापडतात, आणि तिथे खोदकाम करवणाऱ्या जॉन मार्शलच्या काळापासून त्यांना 'मातृदेवता' म्हणायची सवय लागली. त्याच संस्कृतीतल्या लोथल, कालीबंगन, धोलावीरा इथे मात्र त्या फार विरळ आहेत. सगळ्या सिंधूजनांची एकच देवी असती, तर ती गुजरातच्या वेशीवर अडून बसली नसती.

मग काहीच हाती नाही का? आहे, पण तुकड्यातुकड्यांत. मध्य प्रदेशातल्या सिधी जिल्ह्यात बाघोर इथे दगडगोट्यांचा एक गोल ओटा सापडला. त्याचा काळ सुमारे 10 ते 11 हजार वर्षांपूर्वीचा धरतात. ओट्याच्या मध्यावर त्रिकोणी दगडाचे तुकडे होते. ते जुळवले तर त्यावर निसर्गतःच एकात एक त्रिकोणी रंगीत पट्टे दिसतात. अलाहाबाद आणि बर्कली विद्यापीठांच्या मंडळींचं उत्खनन होतं ते. आसपासचे कोल आणि बैगा लोक आजही अगदी तसलेच पट्ट्यांचे दगड ओट्यावर मांडून 'माई' म्हणून पुजतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मधल्या दहा हजार वर्षांत पूजा अखंड चालत आली असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण तसला दगड पाहिला की माणसाला तो पूज्य वाटतो, एवढं तरी दोन्ही टोकांना दिसतं.

आता घरी येऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 पासून दीड दशक तिथे खोदकाम केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या हाताखाली. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल, झाकणाची पेटी पुरलेली मिळाली. आत कच्च्या मातीची स्त्री-मूर्ती. सोबत आणखी एक स्त्री-मूर्ती, तिला डोकंच नाही, आणि एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आहे, बैलाच्या पाठीलाही आहे. काडी घातली की ती बैलावर बसते. यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. माती भाजलेली नाही, म्हणजे वर्षानुवर्षं पुजायला केलेली वस्तू ही नव्हे. बहुधा एकदा करायचा विधी आणि मग पुरायचं. देवळात नाही, घरात आहे. आणि डोकं नसणं हा अपघात नाही, ते मुळातच केलेलं नाही.

हे डोकं नसणं लक्षात ठेवा, कारण दख्खनमध्ये ते पुन्हा भेटतं. सातवाहन काळापासून तेर, नेवासे, भोकरदन अशा ठिकाणी तळहातावर मावतील अशा मूर्ती सापडल्या आहेत: बाई पाय फाकवून, गुडघे वर घेऊन बसलेली, प्रसूतीच्या नाहीतर समागमाच्या अवस्थेत, आणि मानेवर काही नाही. पुढे चालुक्य काळात हीच देवी मोठ्या आकारात, दगडात येते. बदामीच्या संग्रहालयातली नागनाथकोळ्ळची मूर्ती पाहा, मानेच्या जागी टपोरं कमळ फुललेलं आहे. आपण तिला लज्जागौरी म्हणतो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक डॉ. रा. चिं. ढेऱ्यांनी तिचा धागा रेणुका-यल्लम्मा, वारूळ आणि भूमी यांच्याशी जोडून दाखवला, तो वाचलाच पाहिजे. मला स्वतःला मात्र आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याच्या अशाच एका भग्न मूर्तीवरचा लेख जास्त बोलका वाटतो. ती इक्ष्वाकू घराण्यातल्या एका राणीने करवून घेतली आहे, आणि लेखात ती आपली ओळख कशी देते? नवरा हयात असलेली, मुलं जिवंत असलेली. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचं देवीपाशी काय मागणं होतं ते तिथे दगडावर कोरलेलं आहे. तत्त्वज्ञान नाही, मोक्ष नाही. कुंकू राहू दे, लेकरं जगू देत.

लेकरं जगणं हा प्रश्न धरला की देवीच्या इतिहासातलं बरंच काही उलगडतं. कारण जुन्या देवींतल्या कितीतरी जणी प्रेमळ आई म्हणून सुरू होत नाहीत; त्या पोरं नेणाऱ्या आहेत. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाभोवतीच्या मातृका, म्हणजे आईदेवींचा घोळका, मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्याला पछाडू शकतात. बौद्धांची हारीती राजगृहातली मुलं पळवून खायची. बुद्धाने तिचंच धाकटं पोर लपवलं, तेव्हा ती ताळ्यावर आली, आणि त्या बदल्यात विहारातून रोज तिचा घास ठरला. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग विहारांच्या भोजनगृहातल्या तिच्या नैवेद्याची नोंद करतो. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात आत उजवीकडे तिचं दालन आहे, शेजारी नवरा पांचिक. लोक वर छतावरची नक्षी बघत बाहेर पडतात. तिथे खाली वाकून बैठकीची पट्टी बघायची: छडीवाला गुरुजी बसलाय, समोरची पोरं पाटीवर मान घालून आहेत आणि मागच्या पोरांचा धुडगूस चाललाय. पोरं खाणारीच्या पायाशी पोरांची शाळा भरवणारा तो शिल्पी मोठा मिश्कील असला पाहिजे. वेरूळच्या 14 आणि 21 क्रमांकाच्या लेण्यांत सप्तमातृका बसल्या आहेत. 14 मध्ये त्यांच्या जवळ मुलं आहेत आणि पलीकडे हाडांचा सापळा झालेला काळ. आई आणि मरण एकाच ओळीत कोरलेलं.

आपल्या घरात हीच बाई सटवाई म्हणून येते. बाळंतिणीच्या पाचव्या-सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही. ती येऊन कपाळी नशीब लिहून जाते. मागे ती आहे षष्ठी. कुशाण काळाच्या आसपासच्या शिल्पांत आणि यौधेय या जुन्या गणराज्याच्या नाण्यांवर ती सहा तोंडांची दिसते. धनुर्वाताने अर्भकं पहिल्या आठवड्यात जायची, त्या काळात पाचवी-सहावी रात्र सगळ्यात धोक्याची होती. पूजेची तिथी त्या भीतीनेच ठरवलेली आहे. भाद्रपदात येणारी ज्येष्ठा गौरही अशीच. दक्षिणेत सातव्या-आठव्या शतकात ज्येष्ठा ही कावळ्याच्या ध्वजाची, गाढवावर बसणारी अवदसा, लक्ष्मीची थोरली बहीण. आपल्याकडे तीच धाकटीच्या सोबतीने माहेरवाशीण होऊन येते. मराठवाडा-विदर्भात तर दोघींना मिळून महालक्ष्म्याच म्हणतात. कुठे खड्याच्या, कुठे तेरड्याच्या, कुठे मुखवट्याच्या. आणि कोकणात काही घरांत तिला तिखटाचा नैवेद्य लागतो. पुरणपोळीच्या घरातल्या लोकांना ते ऐकून धक्का बसतो. बसू दे.

आता तुमच्या 'पुरुषदेव आले आणि देवी मागे पडली' या भागाकडे. दख्खनमध्ये दिसतं ते जवळजवळ उलट आहे. ऋग्वेदात उषा, अदिती, वाक् आहेत, पण इंद्र आणि अग्नीपुढे त्यांचा वाटा लहान. संस्कृत परंपरेत देवी स्वतःच्या बळावर सर्वोच्च होते ती देवीमाहात्म्यात. तेरा अध्यायांचा हा ग्रंथ मार्कंडेय पुराणात आहे आणि बहुतेक अभ्यासक त्याला पाचव्या-सहाव्या शतकात ठेवतात. म्हणजे देवी शेवटाकडे वर चढते. आणि चढताना गावोगावच्या शेकडो ठाण्यांना आपल्यात घेत जाते.

कोल्हापूरला हे डोळ्यांनी पाहता येतं. अंबाबाईच्या चार हातांत आहे म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकी नाग, लिंग आणि योनी. देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात आदिशक्ती महालक्ष्मीचं वर्णन शब्दशः असंच आहे: 'मातुलुंगं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती'. विष्णूच्या बायकोची ही लक्षणं नव्हेत. मागे सिंह उभा आहे, मस्तकावर लिंग आहे. तरी विष्णूवर रुसून आलेल्या लक्ष्मीची कथा लोकांच्या तोंडी आहे आणि नवरात्रात तिरुपतीहून शालूही येतो. मूर्ती एक सांगते, कथा दुसरंच. दोन्ही चालू राहतात, भक्ताला अडचण येत नाही. या देवीपुढे राजेही नमले. राष्ट्रकूट अमोघवर्षाने प्रजेवरचं संकट टळावं म्हणून डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिल्याचा उल्लेख 871 च्या संजान ताम्रपटात आहे. एरवी जैन धर्माकडे झुकलेला राजा तो.

गोवा-तळकोकणात हाच प्रवास वारुळापासून सुरू होतो. सातेरी म्हणजे वारूळ, कोकणीत रोयण. मूर्ती नाही, मुखवटा नाही, जमिनीतून वर आलेली माती हीच देवी. अनेक गावांत ती पुढे शांतादुर्गा झाली: वारुळावर मुखवटा चढला, शेजारी पाषाणी मूर्ती आली, शिव आणि विष्णू यांच्यातलं भांडण मिटवणारी म्हणून नवी कथा आली. कवळ्याची शांतादुर्गा तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने केळशीहून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, गेली. देवीने जागा सोडली असं सहसा होत नाही. इथे ती सोडावी लागली, म्हणून तो अपवाद लोकांच्या इतका आठवणीत राहिला.

सहसा जागा सुटत नाही, नावं बदलतात. माझ्या सगळ्या कामाचा निष्कर्ष विचाराल तर हाच. शेंदराची खोळ कधीतरी आपोआप गळून पडते. दोन-दोन बोटं जाडीची पुटं असतात, पापुद्र्यांवर पापुद्रे, मध्ये तेल मुरून काळे झालेले. आणि आत पाहावं तर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, असतो, कधी एखाद्या मोडक्या देवळाचा स्तंभखंड, कधी मातृकांचा अख्खा पट. गावाने त्या सातजणींना साती आसरा म्हणून पुजलेलं असतं, पाण्याच्या काठाला नेऊन. चामुंडा कोणती आणि वाराही कोणती याच्याशी गावाला कर्तव्य नसतं. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडले ते हेच बघत: वेशीबाहेरची, चव्हाट्यावरची देवीची ठाणी, आणि त्याच वाटांवर सापडणारी बारीक दगडी हत्यारं. देवळं गावात आणि देवी गावाबाहेर का, याचं उत्तर त्यांनी जुन्या गुराख्यांच्या वाटांत शोधलं. कार्ल्याला चैत्याच्या दारातच एकवीरा आहे, आगरी-कोळ्यांची. बौद्ध भिक्षू गेले, लेणं ओस पडलं, पण डोंगराची वाट सुटली नाही. म्हसोबाचं बघा: पुराणात देवी ज्या महिषाला मारते, तोच काही गावांत शेंदूर लावून पुजला जातो, आणि काही ठिकाणी तर जोगूबाईचा नवरा असतो. आणि पुण्यात 'बोल्हाईचे मटण मिळेल' ही पाटी वाचून कधी विचार केलात का? वाडेबोल्हाईच्या देवीला बोकड वर्ज्य, म्हणून तिच्या भक्तांना मेंढीचंच चालतं. खाटकाच्या पाटीवर एका गावदेवीचा नियम टिकून राहिलाय.

बाहेरच्या जगातही असं होतं. रोमवर हॅनिबलचं संकट असताना, ख्रिस्तपूर्व 204 मध्ये, रोमनांनी आशिया मायनरमधून थोरल्या मातेला, सिबेलीला समारंभाने आणलं. आणलं काय, तर एक काळा दगड. आपल्या माणसाला तांदळा पाहून जे वाटतं ते रोमनांनाही परकं नव्हतं. पण म्हणून सिबेली आणि रेणुका एकच, असं म्हणायला मी धजणार नाही. माणसाच्या गरजा सारख्या असतात; देवता ज्या त्या मातीतल्या असतात.

आता प्रश्नातला सगळ्यात नाजूक धागा: देवी मोठी तर बाई मोठी का? याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. अथेन्सची नगरदेवता अथीना, आणि तिथल्या बाईला नागरिक म्हणून मत नव्हतं. आपल्याकडे कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्माचं उदाहरण पुरे. तिच्या नावाने मुलींना देवदासी म्हणून सोडलं, पुढे त्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 1934 मध्ये मुंबई प्रांताने, 1982 मध्ये कर्नाटकाने, 2005 मध्ये महाराष्ट्राने कायदे केले तेव्हा कुठे ते उघडपणे थांबू लागलं. त्याच डोंगरावर मार्गशीर्षातल्या पुनवेला देवी विधवा होते, रांडाव पुनव म्हणतात तिला. जोगतिणी बांगड्या फोडतात. माघी पुनवेला ती पुन्हा सवाशीण. देवीच्या वाट्यालाही बाईचंच नशीब आलं, असं हा विधी पाहणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नाही. शिवाय मोठ्या देवस्थानांत पूजेचा हक्क पिढ्यान् पिढ्या पुरुषांकडे. अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांनी जावं का, यावर 2016 मध्ये कोल्हापुरात रण माजलं, ते फार जुनं नाही.

मात्र बायकांची म्हणून एक पूजा आहे, तिचा हिशेब ग्रंथांत आणि ताम्रपटांत सापडत नाही. गौरीचे हळदीकुंकवाचे ठसे दारापासून चुलीपर्यंत उमटवणारी, घटातल्या मातीत सात धान्यं पेरून नवव्या दिवशी रोप किती वाढलं बघणारी, सटवाईला पुजणारी बाईच असते. पुजारी लागत नाही, मंत्र लागत नाही. पिकाचं आणि पोरांचं बघणारी देवी इथे आहे, इनामगावच्या पेटीइतकीच घरगुती. दुर्गा, चंडी वगैरे नावं अलीकडची पाहुणी.

कुलदेवीचा माग काढायचा तर आधी पोथी उघडू नका. महात्म्य उशिरा लिहिलेलं असतं आणि ते प्रत्येक देवीला पार्वती करून टाकतं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा: नैवेद्य गोडाचा की तिखटाचा? पहिला मान कुणाचा, गुरवाचा, भोप्याचा, की गावकुसाबाहेरच्या एखाद्या घराचा? जत्रा कोणत्या तिथीला, पेरणीशी जुळणारी की काढणीशी? मूळ ठाणं कुठलं, आणि तिथून ती 'आली' कशी? बहुतेक ठिकाणी एखाद्या म्हाताऱ्या भक्ताच्या मागे-मागे येते आणि त्याने वळून बघितलं की तिथेच थांबते. कुणाला देवी 'चालत' नाही, घरात काय शिजवायचं नाही, कोणतं झाड तोडायचं नाही? हे सगळं लिहून काढा, मग ठाण्यावर जा. तांदळा असेल तर त्याच्या मागच्या बाजूला हात फिरवून पाहा. शेंदूर पुढून चढतो, मागचा दगड बहुधा उघडा राहतो, आणि घडीव की अनघड ते तिथे कळतं. आवारात झाडाखाली रचून ठेवलेले फुटके दगड एकेक करून बघा, फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून. पुजाऱ्याला विचारल्याशिवाय काही हलवू नका, आणि जीर्णोद्धाराची बोलणी चालू असतील तर संगमरवर येण्याआधी जा.